गवतातली भीती

भुताचा सिनेमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पडका वाडा, करकरणारं दार आणि पांढऱ्या साडीतली बाई येते. माझंही तसंच होतं. पण कानेतो शिंदो या जपानी दिग्दर्शकाचा ‘ओनिबाबा’ (१९६४) पाहिला आणि कळलं, भीतीला वाडा लागतोच असं नाही. नुसतं गवत पुरतं.

या गवताला जपानीत सुसुकी म्हणतात. शरदात त्याला रुपेरी तुरे येतात. चंद्रदर्शनाच्या रात्री जपानी माणसं ते कौतुकाने घरात मांडतात. शिंदोंनी तेच गवत डोक्याच्याही वर वाढलेलं दाखवलं. मग दहा पावलांवर कोण उभं आहे, तेही दिसत नाही!

गोष्ट चौदाव्या शतकातल्या यादवीची. घरातला कर्ता मुलगा लढाईवर गेलेला, मागे उरलेल्या सासू-सुना उपाशी. गवतात वाट चुकलेल्या सैनिकांना भाल्याने मारायचं, चिलखत विकून धान्य घ्यायचं, प्रेत खोल खड्ड्यात ढकलायचं, असा त्यांचा दिनक्रम. सिनेमाचा बराच भाग सरेपर्यंत भुताचा पत्ताच नाही. आहे तो फक्त वारा. तो सुटला की रानभर लाटा उठतात आणि प्रत्येक लाटेआड कुणीतरी दबा धरून बसलंय असं वाटत राहतं. पुढे सून रात्री शेजाऱ्याकडे धावते तीही याच गवतातून. तिची वाट अडवायला सासू राक्षसी मुखवटा चढवून उभी राहते, तेव्हा आपण आधीच घाबरून बसलेले असतो.

कोबायाशींच्या ‘क्वायदान’मध्ये निसर्ग चक्क स्टुडिओत रंगवलेला आहे, हिमस्त्रीच्या कथेत तर आभाळातून डोळे रोखून पाहतात. देखणं आहे खरं, पण मला तो वारा अधिक झोंबला.

शिंदो मूळचे हिरोशिमा प्रांतातले. अणुबाँबवर त्यांनी १९५२ साली ‘चिल्ड्रन ऑफ हिरोशिमा’ काढला होता. पावसात भिजल्यावर मुखवटा सासूच्या तोंडाला चिकटतो. तो फोडून काढल्यावर दिसणारा सोललेला चेहरा त्यांनी बाँबग्रस्तांच्या चेहऱ्यांवरून बेतला होता. सून किंचाळत गवतात पळते. मागून सासू धावते, मी राक्षस नाही, माणूस आहे, असं ओरडत. वाटेत तोच खड्डा येतो. ती उडी मारते आणि सिनेमा तिथेच थांबतो.