नोबिता, जियान आणि जपानची पंचवीस वर्षं

1997 साली जपानमध्ये शिबा रिएको या डॉक्टरबाईंचं ‘नोबिता-जियान सिंड्रोम’ हे पुस्तक आलं. ‘डोरेमॉन’मुळे ही दोन्ही पोरं आपल्याकडेही घरोघरी ठाऊक आहेत. नोबिता गृहपाठ विसरणारा, कायम तंद्रीत. जियान आधी हात उचलणार, मग विचार करणार. तोही केला तर. वरवर दोघं दोन टोकांची वाटली, तरी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या अडचणीची, ही दोन रूपं असू शकतात, हे शिबाबाईंनी आईबापांना कळेल अशा भाषेत सांगितलं. चित्रकथेतल्या पात्राचं निदान करू नये हे खरं, पण त्या पुस्तकाने एक मोठं काम केलं. तोवर असं मूल म्हणजे आईने वळण न लावलेलं मूल, हाच हिशेब होता.

त्याच सुमाराला वर्गच्या वर्ग शिक्षकांच्या हाताबाहेर गेल्याच्या बातम्या येत होत्या. खापर कधी घरावर फुटे, कधी शिक्षकावर. शाळेकडे मात्र फारसं कुणी बघत नव्हतं. जपानी शाळेत सहा-सात वर्षांच्या मुलाला वर्गातले वेगळे बूट, व्यायामाचे कपडे, वाढपाच्या पाळीचा एप्रन आणि संपर्कवही हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. केर काढणं आणि फरशी पुसणंही मुलांकडेच. व्यवस्था सुरेखच आहे. पण विसराळू मुलाचं उणेपण ती दिवसातून दहादा चारचौघांत उघडं पाडते.

यावर मराठी वाचकाला ‘तोत्तोचान’ आठवणारच. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक 1981 चं, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलं. डेस्कचं झाकण सारखं उघडमीट करणारी, खिडकीतून वाजंत्रीवाल्यांना हाका मारणारी ही मुलगी पहिलीतच शाळेतून काढली गेली आणि कोबायाशी सोसाकू यांच्या तोमोए शाळेत रमली. आज तिला कोणतं निदान मिळालं असतं, ही चर्चा मला निष्फळ वाटते. मुलगी तीच, एका वर्गाला ती सोसवली नाही आणि दुसऱ्याला सोसवली, एवढं मात्र नक्की. तोमोए 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली.

सरकारने मोजणी केली ती 2002 मध्ये. सरकारी प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या साध्या वर्गांत शिकण्या-वागण्यात ठळक अडचण असलेली मुलं 6.3 टक्के निघाली. 2012 मध्ये 6.5 (भूकंपग्रस्त इवाते, मियागी आणि फुकुशिमा वगळून) आणि 2022 मध्ये 8.8. त्यातली लक्ष न टिकणारी किंवा अतिचंचल मुलं 2.5 वरून 3.1 आणि पुढे 4.0 टक्क्यांवर गेली. हे आकडे दाखवून ‘आजार वाढला’ असं म्हणणाऱ्यांनी थांबावं. ही उत्तरं शिक्षकांनी भरलेली, एकाही मुलाला त्यासाठी डॉक्टरांनी तपासलेलं नाही. वीस वर्षांत शिक्षकांची नजर बदलली, आणि मला तर हीच खरी मिळकत वाटते.

कायदा 2004 च्या डिसेंबरात झाला आणि 2005 च्या एप्रिलपासून लागू. विकासात्मक अडचणींच्या या कायद्यात एडीएचडीचं नाव स्पष्ट आहे. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. जपानमध्ये 2006 पासून ही मुलं आपल्याच वर्गात राहून आठवड्यातले काही तास वेगळ्या मार्गदर्शनाला जाऊ लागली.

औषधांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. युद्धानंतर फिलोपोन या उत्तेजकाच्या व्यसनाने देश होरपळला होता, 1951 चा कडक कायदा त्यातूनच आला. त्यामुळे अमेरिकेत एडीएचडीसाठी सर्रास मिळणारं अ‍ॅडरॉल जपानमध्ये नेणं हा आजही गुन्हा आहे, प्रिस्क्रिप्शन असलं तरी. एडीएचडीच्या मुलांना त्यासाठीच्या अधिकृत मंजुरीशिवायच रिटालिन हे उत्तेजक औषध दिलं जाई. मोठ्यांमध्ये त्याचा गैरवापर गाजला, तेव्हा 2007 च्या ऑक्टोबरात नैराश्यासाठीचा वापर रद्द झाला. त्याच महिन्यात कॉन्सर्टा या एडीएचडीच्या औषधाला मंजुरी मिळाली, पण नोंदणीकृत डॉक्टर आणि दुकानांपुरती, तीही फक्त अठराच्या आतल्यांना. जणू अठरावा वाढदिवस झाला की हे सगळं सुटतं! प्रौढांसाठी कॉन्सर्टा मंजूर व्हायला 2013 उजाडलं. गोळ्यांना घाबरणारा देश म्हणून जपानला हसणं सोपं आहे. फिलोपोनचा इतिहास वाचला की ती सावधगिरी पटते. त्या सावधगिरीची किंमत मुलांनी मोजली, हेही तितकंच खरं.

निदानासाठीही रांग. 2017 मध्ये सरकारी पाहणीतल्या 27 रुग्णालयांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी पहिल्या भेटीलाच तीन महिने किंवा जास्त थांबावं लागत होतं. आणि 2022 च्या मोजणीत अडचणीत दिसलेल्या मुलांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त मुलांना खास मदत लागते, असं शाळेच्या समितीने ठरवलेलंच नव्हतं. शिक्षकाला दिसलं, कागदावर उतरलं नाही.

तोक्योच्या निशिकासाईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी यात आणखी एक पेच आहे. परदेशी मुलं जास्त असलेल्या शहरांत, अडचणी असलेल्या मुलांसाठीच्या वेगळ्या खास वर्गांमधलं त्यांचं प्रमाण एकूण मुलांच्या मानाने फार मोठं आढळलं. भाषा न कळणारं मूलही खिडकीबाहेरच बघतं. म्हणून तिथल्या आईबापांनी शाळेशी बोलताना मूल घरी मराठीत गोष्ट ऐकताना किती वेळ बसतं, हे आधी सांगावं. शाळेच्या प्रश्नावलीत ते येत नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये शिक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढलं: खास वर्गातल्या मुलांनी आठवड्यातले निम्म्याहून जास्त तास तिथेच शिकावं. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने ते मागे घ्या म्हटलं. शिक्षणमंत्री नागाओका केइको यांनी नकार दिला. मंत्रालयाच्या मते वेगळ्या वर्गात मुलाला हवं ते मिळतं, समितीच्या मते मूल बाजूला पडतं. बऱ्याच आयांना दोन्ही बाजू पटतात, आणि त्यांना फॉर्म मात्र एकच भरायचा असतो.