रेवदंडा : तटाच्या आतलं गाव

अलिबागहून मुरुडच्या रस्त्याला लागलं की नागाव, चौल मागे पडतात आणि डांबरी सडक थेट एका किल्ल्यात शिरते. बहुतेक गाड्या न थांबता कुंडलिकेवरच्या पुलाकडे आणि पुढे काशिदच्या किनाऱ्याकडे निघून जातात. आपण ओलांडला तो तट पाचशे वर्षांचा होता, याचा पत्ताही गाडीतल्या माणसांना नसतो.

रेवदंडा किल्ल्याच्या शेजारी नाही, किल्ल्यातच वसलेलं आहे. तटाच्या आत घरं आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्या वाड्यांतूनच चर्चचे भग्न अवशेष डोकावतात. त्यांत सगळ्यांत उंच आहे सातखणी मनोरा, म्हणजे फ्रान्सिस्कन चर्चचा घंटामनोरा. पोर्तुगिजांनी इथे 1516मध्ये वखारीची परवानगी मिळवली आणि 1520च्या दशकात कोट उभारला. त्याआधी 1508मध्ये इथल्याच बंदराच्या तोंडाशी त्यांच्या आरमाराचा पराभव झाला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा दों लॉरेन्सो मारला गेला. 1570-71मध्ये निजामशाही फौजांनी महिनोन् महिने वेढा घातला, तरी कोट पडला नाही. मराठ्यांच्या हाती तो आला 1740मध्ये. खाडीपलीकडच्या कोर्लई गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली घरात बोलतात. एवढा इतिहास एका खाडीच्या दोन काठांवर क्वचितच सापडतो.

आता या दगडांवर सरकारने पैसा का घालावा, हा प्रश्न रास्त आहे. गावात पाणी, रस्ते, दवाखाना यांची गरज आधी असते. पण रेवदंड्याच्या माणसांना वारशाचा आजवरचा अनुभव मुख्यतः बंदीचा आहे. हा कोट केंद्राचं संरक्षित स्मारक आहे; अशा स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि राहतं घर दुरुस्त करायचं तरी परवानगी लागते. देशाच्या वारशासाठी गाव ही किंमत मोजतं आहे. मग त्या वारशाचं उत्पन्नही गावात यायला हवं आणि ते निधीशिवाय येणार नाही.

गोव्यातला रेइश मागूशचा किल्ला पाहावा. तोही पोर्तुगीजच. कित्येक वर्षं तिथे तुरुंग होता. पुढे राज्य सरकार, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि हेलन हॅमलिन ट्रस्ट यांनी मिळून तो दुरुस्त केला आणि 2012मध्ये लोकांसाठी खुला केला. आज तिथे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं पाहायला मिळतात. पडझड होत असलेली एक वास्तू गावाची सार्वजनिक जागा झाली.

रेवदंड्याला मात्र एकदाच मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी न चुकता येणारी लहान रक्कम जास्त उपयोगी पडेल, असं माझं ठाम मत आहे. खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात भिंतींचा खरा शत्रू म्हणजे वड-पिंपळ. रोप बोटाएवढं असतानाच काढलं तर एका मजुराचं दिवसाचं काम. तेच वाढू दिलं तर मुळं चिरे उचकटतात आणि बुरूज खचतो. दरजा भरायच्या त्या चुन्याने. सिमेंट ओल आत कोंडतं आणि जुना दगड फोडतं. चुन्याची घाणी चालवणारे, चुना मुरवणारे गवंडी आता मोजकेच उरलेत. दरवर्षी काम मिळण्याची खात्री असेल तरच गावातली मुलं हे कसब शिकतील. एकदा शिकली की कोर्लई, कुलाबा, खांदेरी, जंजिरा या किल्ल्यांची कामं हाताच्या अंतरावर आहेत.

दगडाचं काम पुरातत्त्व खात्याचंच आहे आणि ते त्यांनीच करावं. पण वाड्यांतून अवशेषांपर्यंत नेणारी पायवाट, मराठी माहितीफलक, स्वच्छतागृह, गावातलेच प्रशिक्षित वाटाडे, यांतलं बरंच ग्रामपंचायत आणि जिल्हा नियोजन समिती करू शकते. वाडीमालकांना विश्वासात घेऊन, पायवाटेचा मोबदला देऊनच ते व्हावं.

मुंबईहून मांडव्याला आता रो-रो बोटीतून गाडीसकट येता येतं. सागरी महामार्गासाठी रेवदंड्याच्या खाडीवर नवा पूल व्हायचा आहे. पुलाला कोट्यवधी रुपये मिळत असतील, तर त्याच अंदाजपत्रकात या तटाच्या वार्षिक देखभालीची कायम तरतूद करावी. आमदार-खासदारांकडे ही मागणी रेवदंडेकरांनी आत्ताच, लेखी करावी.