उन्हाळी सुट्टीतला पोषण आहार

शाळेला सुट्टी लागते, पोटाला लागत नाही. म्हणूनच 20 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही शालेय पोषण आहार द्यावा. 2016 मध्ये न्यायालयाने पुन्हा तेच बजावले.

आता पैसा कुठून येतो ते पाहू. तांदूळ केंद्र सरकार मोफत देते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम. डाळ, भाजी, तेल, इंधन यांचा खर्च केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के उचलते.

मात्र सुट्टीतला आहार दुष्काळ जाहीर झाल्यावरच मिळतो. 2023 मध्ये राज्याने 40 तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यात आपल्या जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार होते. लोणारला लागूनच असलेलं मेहकर त्या यादीत नव्हतं. पण भूक काही यादी पाहून लागत नाही!

म्हणून पालकहो, दुष्काळ जाहीर झाला की मुख्याध्यापकांना विचारा आणि मुलांना ताट घेऊन शाळेत पाठवा. संकोच करू नका, तो त्यांचा हक्क आहे. आणि शिक्षकांनो, सुट्टीपूर्वीच प्रत्येक घरी हा निरोप पोहोचवू या.