दमाचं गणित

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो. एका श्वासात अर्धा लिटर हवा धरली, तर मिनिटाला साडेसात लिटर हवा. हे माप लक्षात ठेवा, कारण दोन गाड्यांचा दम आपल्याला याच मापाने मोजायचा आहे.

दोन्ही गाड्या १९९० च्या सुमारास लोकांसमोर आल्या. दोन्ही चार दारांच्या, बाहेरून संसारी वाटणाऱ्या. आज जगभरचे संग्राहक त्या जिवापाड जपतात. एक जर्मनीची मर्सिडीज ५०० ई, दुसरी ब्रिटनची लोटस कार्लटन.

मर्सिडीजचं इंजिन आठ सिलिंडरांचं, ४,९७३ सीसीचं आणि ३२६ अश्वशक्तीचं. लोटसचं सहाच सिलिंडरांचं, ३,६१५ सीसीचं. साडेतेराशे सीसीने लहान असूनही त्याची ताकद मात्र ३७७ अश्वशक्ती! हे घडतं कसं?

फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या आकारमानाइतकी हवा ओढतं. मर्सिडीज पूर्ण शक्ती देते तेव्हा तिचं इंजिन सेकंदाला ९५ फेऱ्या मारत असतं, म्हणजे सेकंदाला सुमारे २३६ लिटर हवा आत जाते. लोटस सेकंदाला सुमारे ८७ फेऱ्या मारते. तिच्या वाट्याला एरवी १५७ लिटरच आले असते. पण तिला दोन टर्बो आहेत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्यांचे पंखे फिरतात आणि ०.७ बारपर्यंत जादा दाबाने हवा आत कोंबतात. बाहेरच्या हवेचा दाब एक बार धरला, तर १५७ गुणिले १.७, म्हणजे सुमारे २६७ लिटर. लहान छातीची गाडी मोठ्या छातीच्या गाडीहून अधिक हवा ओढते! हवा १३ टक्के जास्त, शक्ती १६ टक्के जास्त. ढोबळ हिशेबही किती जवळ येतो पाहा.

आता सुरुवातीचं माप लावू. मर्सिडीज एकटी सुमारे १,९०० माणसांइतका श्वास घेते, तर लोटस २,१०० माणसांइतका. खचाखच भरलेलं मोठं सभागृह एका बॉनेटखाली श्वास घेतंय असं समजा.

आत घेतलेली हवा बळ देते, पण समोरची हवा वाट अडवते. मर्सिडीजचा वेग कंपनीने ताशी २५० किलोमीटरवर रोखला होता. लोटसला असा लगाम नव्हता, ती ताशी २८३ किलोमीटरपर्यंत जाई. एका सेकंदात क्रिकेटच्या जवळजवळ चार खेळपट्ट्या मागे पडतात! वेगातला हा फरक १३ टक्क्यांचा, पण हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढ्यासाठी तब्बल ४५ टक्के जादा शक्ती खर्ची पडते.

लोटसच्या अंगात जर्मन रक्तही आहे. जर्मनीतल्या रुसेल्सहाइमच्या कारखान्यातली ओपेल गाडी इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या हेथेल इथे, लोटसकडे आणून तिथे तिचा कायापालट होई. १,१०० गाड्या करायच्या होत्या, झाल्या ९५०.

मर्सिडीजची कहाणी धीराची. ५०० ई ज्या डब्ल्यू १२४ घराण्यातली, त्याच घराण्यातली गाडी १९९५ पासून पुण्याजवळच्या पिंपरीत जोडली जाऊ लागली. जगभरात या घराण्याच्या २५ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, ५०० ई मात्र अवघ्या १०,४७९. तिची चाकांवरची कमान इतकी रुंद होती की ती मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेन कारखान्यातल्या जोडणीपट्ट्यावर मावेना. मग काम पोर्शेच्या त्सुफेनहाउझेन कारखान्याकडे गेलं. सांगाडा तिथे जोडायचा, रंगासाठी मर्सिडीजकडे न्यायचा, इंजिन बसवायला पुन्हा पोर्शेकडे आणायचा. एक गाडी पूर्ण व्हायला १८ दिवस लागत.

तेवढ्या १८ दिवसांत ताशी २५० किलोमीटरने अखंड धावणारी गाडी १,०८,००० किलोमीटर जाईल, विषुववृत्तावरून पृथ्वीला जवळजवळ पावणेतीन फेऱ्या घालेल. मराठीत दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे ताकदही. या गाड्यांचा दम लिटरात मोजता येतो. पण एकेका गाडीसाठी १८ दिवस दम धरणाऱ्या कारागिरांचा दम कुठल्या मापाने मोजणार?