मोटारीचा ताप कोण पाहतो?

लेकरू तापले की आई त्याच्या कपाळाला हात लावून पाहते. मोटारीचे इंजिनही तापते. पण आत हात कोण घालणार? ते काम एक छोटी वस्तू करते. तिला सेन्सर म्हणतात.

इंजिनात इंधन जळते. उष्णता फार वाढू नये म्हणून इंजिनाच्या आत कूलंट खेळवतात. कूलंट म्हणजे औषध मिसळलेले पाणी. चालत्या गाडीत ते साधारण ९० अंशांपर्यंत तापते. सेन्सरचे टोक त्यात बुडलेले असते.

टोकाच्या आत एक बारीक मणी असतो. तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते. या मण्याचे उलटे आहे. तो तापला की विजेला कमी अडवतो. त्यावरून गाडीतल्या संगणकाला ताप कळतो. इंजिन गार असेल, तर तो इंधन जास्त सोडतो. फार तापले, तर पंखा लावतो. समोरचा काटाही वर चढतो.

एकदा आम्ही भाड्याच्या जीपने लग्नाला निघालो होतो. घाटात पुढून वाफ येऊ लागली. काटा मात्र खालीच. चालक म्हणाला, "गुरुजी, काटा तर ठीक दाखवतोय." त्याने रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी उसळले. बिचाऱ्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मला तेव्हा ठाऊक असते, तर मी त्याला अडवले असते.

काटा खोटे का बोलला? पाणी गळून कमी झाले होते. सेन्सरचे टोक उघडे पडले होते. पाण्यात नसलेल्या टोकाला पाण्याचा ताप कसा कळावा?

म्हणून एवढे सांभाळा :

१. सकाळी गाडी गार असताना कूलंट बघा. डब्यावर दोन रेघा असतात. कूलंट त्यांच्या मध्ये हवे.

२. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नेहमी घालू नका. त्यातल्या क्षारांचे पुट सेन्सरवर बसते.

३. सेन्सरच्या वायरी उंदीर कुरतडतात. जोडावर गंजही चढतो. मिस्त्रीकडून त्या तपासून घ्या.

४. काटा चढला किंवा वाफ दिसली, तर गाडी कडेला घ्या. इंजिन बंद करा. पुरते गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.

लग्नाला उशीर झाला तर चालेल. हात भाजला तर महिनाभर कामधंदा बंद.