रस्ता चौकात तुटतो

खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीचा भोंगा झाला की मुंबई-पुणे रस्ता सायकलींनी भरून जायचा. वडील त्या घोळक्यात असायचे. हँडलला डब्याची पिशवी, पँटचा पाय चेनमध्ये जाऊ नये म्हणून लावलेली क्लिप आणि टायरला घासून दिवा पेटवणारा डायनामो. डायनामो लावला की पायडल जड जातं, म्हणून नव्या पुलाजवळ पोलीस दिसेपर्यंत तो कुणी लावत नसे. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे त्या काळातले वाहतुकीचे दोन मोठे गुन्हे.

त्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा नव्हता. तो असावा असं कुणाच्या मनातही आलं नसेल. सगळा रस्ताच सायकलवाल्यांचा होता आणि मोटार त्यातून हॉर्न वाजवत, अंग चोरून जायची. पुण्याला ‘सायकलींचं शहर’ म्हणत, पण ते तसं कुणी ठरवून केलेलं नव्हतं. शनिवारवाड्यापासून स्वारगेट अडीच-तीन किलोमीटर, पेठा एकमेकींना चिकटलेल्या, कॉलेजं आणि कचेऱ्या नदीच्या दोन्ही काठांवर. प्राध्यापक, दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, सगळे सायकलवर. ज्याच्याकडे नव्हती त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात तासावर मिळायची. आयतं मिळालेलं सांभाळावं लागतं, हे आमच्या शहराला फार उशिरा कळलं.

पहिला धक्का पाण्याने दिला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. शहर पेठांबाहेर पसरायला लागलं. अंतरं वाढली, पण सायकलच्या टप्प्याबाहेर गेली नव्हती. खरा बदल १९७२ मध्ये आला. त्या एकाच वर्षी आकुर्डीच्या बजाजची चेतक आणि फिरोदियांच्या कायनेटिकची लूना बाजारात आल्या. चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. लूना मात्र सायकलवाल्याला थेट उचलून नेणारी होती. लूनाला पायडल होतं, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. सायकलवरून उतरलेल्या माणसाला अगदीच परकं वाटू नये, अशीच जणू ती सोय.

१९७६ मध्ये जंगली महाराज रस्ता नव्याने झाला. त्याआधी पावसात शहराच्या रस्त्यांची चाळण झाली होती. मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन हा रस्ता केला आणि हमी संपल्यावरही तो काही दशकं टिकला. ‘जंगली महाराज रस्त्यासारखा रस्ता’ ही पुण्यात रस्त्याच्या दर्जाची मोजपट्टीच झाली. चांगला रस्ता म्हणजे खड्डे नसलेला, ही आमची व्याख्या तेव्हा पक्की झाली. त्यावरून कोण जातं, कोण पलीकडे जाऊ शकत नाही, हा प्रश्न तिच्यात नव्हता.

त्याच वर्षी, १९७६ मध्ये, नेदरलँड्समध्ये ‘वोनएर्फ’ या प्रकाराला कायद्याची मान्यता मिळाली. घरांमधली गल्ली आधी राहणाऱ्यांची आणि खेळणाऱ्या मुलांची, मोटारीने तिथे चालण्याच्या वेगाने जायचं. यामागे मोठं दुःख होतं. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असं नाव घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले, त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, आणि सरकारने रस्ते नव्याने आखायला घेतले. डच माणूस जन्मतः सायकलवेडा असतो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तिथेही सायकल तेव्हा झपाट्याने कमी होत होती. त्यांनी ती आखणी करून परत आणली. पुण्यात त्या वेळी ती रस्त्यावर होतीच. फक्त तिची जागा राखायची होती.

ती राखली गेली नाही. पुढची तीस वर्षं थोडक्यात सांगता येतात. रस्ता रुंद करायचा म्हणजे फुटपाथ कापायचा. कोंडी झाली की एकेरी वाहतूक. जंगली महाराज आणि फर्ग्युसन ही जोडी एकेरी झाली, मोटारींचा वेग वाढला, आणि सायकलवाल्याच्या वाट्याला वळसा आला. स्कूटरला वळसा म्हणजे थोडं पेट्रोल, सायकलला वळसा म्हणजे घाम. मग उड्डाणपूल आले, भुयारी मार्ग आले. पलीकडच्या दुकानात जायला पन्नास पायऱ्या उतरा आणि पन्नास चढा. शहराच्या वाहतुकीवर काम करणारे सुजित पटवर्धन आणि त्यांची ‘परिसर’ ही संस्था ऐंशीच्या दशकापासून सांगत होती की, मोटारींना जागा वाढवून कोंडी सुटत नाही. बैठकांमध्ये माना डोलवल्या जात. २०१८ मध्ये शहरातली वाहनं ३६ लाखांवर गेली, म्हणजे माणसांपेक्षा जास्त.

कागदावर चित्र बदललं ते २००६ मध्ये. केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने ‘वाहनं नव्हे, माणसं हलवा’ हे तत्त्व स्वीकारलं, केंद्राच्याच शहरांसाठीच्या नेहरू अभियानाचा पैसा आला, आणि त्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गावरची बससेवा, सुरू झाली. बसच्या राखीव मार्गावरून गावभर भांडणं झाली. त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. बसमार्गाच्या जोडीला फुटपाथ आणि सायकल ट्रॅकही आखलेले होते. मी हौसेने जुनी सायकल पुसून, हवा भरून सातारा रस्त्याच्या ट्रॅकवर गेलो. पहिले शंभर मीटर झकास. पुढे एका गॅरेजवाल्याने ट्रॅकवर स्कूटर उघडून ठेवली होती. त्याला वळसा घातला तर विजेची डीपी, डीपीनंतर सोसायटीचं गेट, गेटचा उतार, पुन्हा चढ. मग चौक आला आणि ट्रॅक संपला. एका गट्टूच्या कडेला संपला, पुढे काही नाही. समोर पन्नास फुटांवर तो परत सुरू होत होता, पण मधल्या पन्नास फुटांत डावीकडे वळणाऱ्या बस, रिक्षा आणि डंपर होते. सायकल हातात धरून मी पलीकडे गेलो. दुसऱ्यांदा त्या ट्रॅकवर गेलो नाही.

तेव्हा मला वाटलं, काम वाईट झालं. आता वाटतं, मोजणंच चुकलं. ट्रॅक किलोमीटरमध्ये मोजला जातो, वापरला जातो मात्र सलग. दहा किलोमीटरचा ट्रॅक दर अर्ध्या किलोमीटरला तुटला, तर तो दहा किलोमीटरचा राहत नाही. त्याचे अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे वीस तुकडे होतात. आणि माणूस धडकतो तो नेमका तुटलेल्या जागी.

मग आली २०१६-१७ ची दोन वर्षं. या विषयातला पुण्याचा सर्वांत उमेदीचा काळ तोच. महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, रस्ते कसे आखायचे याची मार्गदर्शिका केली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ८२४ किलोमीटरच्या सायकल मार्गांचा आराखडा मान्य केला. औंधमध्ये स्मार्ट सिटीच्या कामाआधी रस्त्यावर तात्पुरते अडथळे ठेवून, रंग मारून, रुंद फुटपाथ कसा चालतो याची चाचणी घेतली गेली. सिमेंट ओतण्याआधी रंगाने चूक काढायची, ही युक्ती स्वस्त आणि शहाणी होती.

आणि जंगली महाराज रस्ता पुन्हा एकदा मोजपट्टी झाला. संभाजी उद्यानाच्या बाजूला फुटपाथ इतका रुंद झाला की दोन कुटुंबं समोरासमोर आली तरी कुणाला बाजूला व्हावं लागत नाही. या आखणीत फुटपाथ म्हणजे एक पट्टा नसतो, तीन असतात. दुकानाला लागून थांबणाऱ्यांचा पट्टा, मधे निव्वळ चालणाऱ्यांचा, आणि कडेला झाडं, दिव्याचे खांब, बाक, डीपी यांचा. मधल्या पट्ट्यात काही म्हणजे काही यायचं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे तो पट्टा किमान १.८ मीटर मोकळा हवा आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे सहा इंच, जिन्याच्या एका पायरीएवढी. तो रस्ता झाला आणि संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं बसायला लागली. दुचाकीवाले फुटपाथवर घुसू नयेत म्हणून टोकाला खांब रोवावे लागले, हीही पुण्याचीच गोष्ट.

पण शहर म्हणजे जंगली महाराज रस्ता नव्हे. आमच्या गल्लीतला फुटपाथ सहा इंचांचा नाही, फूटभर उंच आहे. आई ऐंशी पार झालेली, औषधाच्या दुकानापर्यंत रोज जाते. एकदा मी तिच्या मागोमाग चाललो आणि मोजलं. एकशे चाळीस पावलांत फुटपाथ सात वेळा खाली उतरतो आणि सात वेळा वर चढतो. दर इमारतीच्या गेटपाशी एकदा. तिसऱ्या गेटनंतर आई सरळ रस्त्यावर उतरली आणि मोटारींच्या कडेने चालायला लागली. ‘‘आई, फुटपाथवरून चल की,’’ मी म्हणालो. ‘‘इथे निदान पाय सपाट पडतो रे,’’ ती म्हणाली. फुटपाथ असून लोक रस्त्यावरून चालतात, अशी तक्रार ऐकली की मला ते वाक्य आठवतं. खरं तर उपाय सोपा आहे. गेटपाशी फुटपाथने उतरायचं नाही, गाडीने चढायचं. फुटपाथ एका पातळीत ठेवायचा आणि उतार गाडीच्या चाकाला द्यायचा. कोण वाकेल, एवढाच त्यातला निर्णय आहे.

सायकलींचंही तसंच झालं. डिसेंबर २०१७ पासून विद्यापीठात आणि औंधात मोबाइलवर भाड्याच्या सायकली आल्या. पिवळ्या, केशरी, कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या. कोपऱ्यावरच्या दुकानातली तासाची सायकल परत आली म्हणून मी हरखलो होतो. दोनेक वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. मोडतोड झाली, काही नाल्यात सापडल्या, कंपन्यांची गणितं फसली, हे सगळं खरं. पण सायकल दिली आणि ती चालवायची वाट दिली नाही, हे त्याच्या मुळाशी होतं.

डिसेंबर २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन पाळते. लक्ष्मी रस्त्याचा एक पट्टा दिवसभर गाड्यांना बंद असतो, मुलं रस्त्यावर चित्रं काढतात, लोक मधोमध चालत खरेदी करतात. व्यापाऱ्यांना धंदा बुडण्याची धास्ती असते, तरी गर्दी होते. वर्षातला एक दिवस, हे चिडवायला सोपं आहे. मला तो दिवस आवडतो. त्या दिवशी लक्ष्मी रस्ता किती रुंद आहे ते दिसतं.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अडथळ्याविना चालता येईल असा, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. धोरण आहे, आराखडा आहे, नियम आहे, आता हक्कही आहे. मग अडतं कुठे?

अडतं चौकात. दोन चौकांमधल्या फुटपाथचं काम महापालिकेच्या पथ विभागाचं, त्याला मालक आहे. चौकात मात्र सिग्नलचा प्रश्न वाहतूक पोलिसांचा, डीपी महावितरणची, झाकणं ड्रेनेजवाल्यांची, वर मेट्रोचा खांब. ज्या पन्नास फुटांत माणसाचा जीव सर्वांत जास्त धोक्यात असतो, तिथे सगळ्यांचं थोडं थोडं काम असतं आणि पूर्ण जबाबदारी कुणाचीच नसते. कोपऱ्याची गोलाई आवळली तर गाडी हळू वळते; झेब्रा पट्टा फुटपाथच्या पातळीला उचलला तर गाडीला चढावं लागतं; मधे उभं राहायला बेट केलं तर म्हाताऱ्या माणसाला रस्ता दोन दमांत ओलांडता येतो. यातलं काहीच महाग नाही. पण यामुळे गाडीचे काही सेकंद जातात, आणि गेली पन्नास वर्षं आमच्या शहराने ते सेकंद जिवापाड जपले.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. २००६-०७ पासून ही सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो. यंदा तो भरताना ‘फुटपाथ करा’ असं मोघम लिहू नका. तुमच्या दारापासून औषधाच्या दुकानापर्यंत चाला, फुटपाथ किती वेळा उतरतो ते मोजा, कुठल्या चौकात संपतो ते बघा, आणि तेवढाच आकडा आणि तेवढाच चौक लिहा. आमच्या फॉर्मवर मी ‘सात’ लिहिलं आहे.