खाणीतलं पाणी

हा पाटच आहे. एका उडीत ओलांडता येईल एवढा रुंद, कडेला दगडांनी आणि फळ्यांनी आवळलेला, आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. ते इतकं संथ चाललंय की वर पडलेली स्प्रूसची काडी वाहतेय की अडकलीय हे बघायला मी थांबतो. वाहतेय. आम्हा नाशिककडच्या माणसांना पाट दिसला की हात आपोआप पाण्यात जातो. मी घालतो आणि तसाच बाहेर काढून बगलेत धरतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सकाळचे नऊ, आणि आम्ही समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहोत.

गावाचं नाव बोझी दार, म्हणजे देवाची देणगी. चेक देशाच्या वायव्य टोकाला, क्रुश्ने होरी डोंगरांच्या माथ्यावर, जर्मनीच्या सीमेला चिकटून. पलीकडचे जर्मन याच डोंगरांना ‘एर्त्सगेबिर्गे’ म्हणतात, खनिजाचे डोंगर. आजूबाजूला सगळी पाणथळ, कुजलेल्या शेवाळाची जमीन, म्हणून पाण्याला हा रंग. 1540 ते 1544 या काळात माणसांनी हा पाट हातांनी खणला. बारा किलोमीटर, होर्नी ब्लात्नाच्या कथलाच्या खाणींपर्यंत. खनिज कुटायचं, धुवायचं तर पाणी हवं. आता खाणी नाहीत, पाट आहे, आणि त्याच्या काठानं चालायची वाट. पाटाबरोबर चालायचं म्हणजे चढ जवळजवळ नाहीच. माझ्या गुडघ्यांना मानवणारा डोंगरातला हा एकमेव ट्रेक.

पुतण्या शेजारच्या क्लीनोवेत्सवर सायकल घेऊन गेलाय. 1244 मीटरचं शिखर, या डोंगररांगेतलं सर्वांत उंच. तिथून खाली सायकलींसाठी खास वाटा आखल्यात, रुबिन, अझूर वगैरे नावांच्या. तो केम्नित्सला शिकतो, गाडी मित्राची आहे आणि काकाला फिरवण्याच्या बदल्यात सकाळचे दोन तास त्याचे. अकराला तो परत येतो तेव्हा पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ.

“काका, गुडघे?”

“तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत.”

गाडी घाटातून उतरते आणि खाली याखिमोव उलगडायला लागतं. एका चिंचोळ्या दरीत एकच लांबलचक रस्ता. वरच्या टोकाला जुनं गाव, खालच्या टोकाला स्नानगृहं. गाव 1516 सालचं, चांदी सापडली म्हणून काउंट श्टेफान श्लिकनं वसवलेलं. वीस वर्षांच्या आत इथे अठरा हजार माणसं होती; बोहेमियात प्राग सोडलं तर एवढं मोठं गाव नव्हतं. आज तीन हजारही नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या जर्मनांना हाकलून दिलं आणि ती घरं पुन्हा नीट भरलीच नाहीत. एका नक्षीदार दारावर फळ्या ठोकल्यात, शेजारच्या घराच्या खिडकीत जिरेनियम. असं आळीपाळीनं सगळा रस्ताभर.

टांकसाळीच्या संग्रहालयात मी एका काचेपुढे उभा आहे. आत चांदीचं नाणं. तळहाताच्या खळग्यात बसेल एवढं, कडा जराशी वेडीवाकडी. एका बाजूला संत योआखिम, हातात काठी. दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा बोहेमियाचा सिंह. या गावाचं जर्मन नाव योआखिम्सथाल, योआखिमची दरी. 1520 च्या सुमारास इथे पाडलेल्या नाण्याला लोक योआखिम्सथालर म्हणू लागले. मग नुसतंच थालर. थालरचा डॉलर झाला. ज्या शब्दापायी आमच्या आळीतल्या निम्म्या घरांतली मुलं परदेशी गेली, तो शब्द या अर्धओसाड गल्लीतून निघाला आहे. आणि थालर आमच्यापर्यंत शब्दाच्याच रूपानं आला असंही नाही. पुढे याच कुळातले मारिया थेरेसा थालर लाल समुद्राकाठच्या व्यापारात इतके रुजले की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. पुतण्या काचेचा फोटो काढतो. “बाबांना पाठवतो. म्हणतील, माझा एज्युकेशन लोन इथून सुरू झाला तर.”

बाहेर चौकातून वर पाहिलं की उतारावर खाणीचा मनोरा दिसतो, लोखंडी, वर चाकं. स्वोर्नोस्त खाण, 1518 सालची. आजही खाणकामगार रोज खाली उतरतात, पण खनिजासाठी नाही. सुमारे 500 मीटर खोलीवर झरे आहेत, रेडॉन हा किरणोत्सारी वायू विरघळलेले. ते पाणी वर उपसून नळांनी गावाच्या खालच्या टोकाला स्नानगृहांत नेतात.

पाणी किरणोत्सारी का, तर खडकात युरेनियम आहे म्हणून. चांदी खणणाऱ्यांना ते काळं, जड खनिज नको होतं. ते लागलं म्हणजे चांदी संपत आली असं समजत. त्याचं नाव पिचब्लेंड. एकोणिसाव्या शतकात त्यापासून काचेला पिवळा-हिरवा रंग द्यायची भुकटी करू लागले आणि उरलेला चोथा टाकून देऊ लागले. तोच चोथा पॅरिसला मारी आणि पिएर क्युरींकडे गेला, पुढे काही टन. 1898 मध्ये त्यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं ते याखिमोवच्या मालातून. 1906 मध्ये इथे रेडॉनच्या पाण्याची आंघोळ सुरू झाली.

इथपर्यंतची गोष्ट गावातल्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडते. पुढच्या गोष्टीसाठी चढावं लागतं.

वाटेचं नाव ‘याखिमोवचा नरक’. नाव वाचून पुतण्याला एखाद्या अवघड सायकल ट्रेलचं वाटतं. मग तो फलकावरचा जर्मन मजकूर वाचायला लागतो आणि त्याचा आवाज खाली येतो. 1949 ते 1961 या काळात या डोंगरात कैद्यांच्या छावण्या होत्या. सोविएत संघाला अणुबाँबसाठी युरेनियम हवं होतं. खणायला माणसं हवी होती, म्हणून कम्युनिस्ट राजवटीनं आपलेच विरोधक इथे आणले: शेतकरी, पाद्री, स्काउट, सैनिक. हजारोंनी.

स्वोर्नोस्तची छावणी वर, खाण खाली, मध्ये पायऱ्या. दोन्ही बाजूंनी काटेरी तार. कैदी पाळीला याच पायऱ्यांनी उतरायचे आणि पाळी संपल्यावर याच चढायचे. मी मोजत चढायला लागतो. दीडशेच्या आसपास दम लागतो आणि आकडा चुकतो. पायऱ्या उंच, एकसारख्या नसलेल्या, ओल्या पानांनी बुळबुळीत. मी कठडा धरून उभा राहतो. झाडीतून खाणीचा मनोरा दिसतो, आणि आणखी खाली, दूर, पाहुण्यांच्या गाड्या.

पुतण्या दहा-बारा पायऱ्या वर थांबलाय. “दुसऱ्या छावण्यांमधून चालत न्यायचे तेव्हा सगळ्यांना खेटून उभं करायचे आणि भोवती पोलादी दोर आवळायचे,” तो सांगतो. “कैदी त्याला ‘रशियन बस’ म्हणायचे.”

“आणि कोणी पडला तर?”

तो उत्तर देत नाही. त्याच्या वयाची मुलं होती त्यांत.

एक आडवा बोगदा पाहायला खुला ठेवलाय. हेल्मेट घालून आत जातो. रूळ, ढकलगाडी, ठिबकणारं छत. दहा मिनिटांत गारठा हाडांत शिरतो. मला भान आहे ते घेतलेल्या प्रत्येक श्वासाचं, कारण रेडॉन काही फक्त आंघोळीच्या पाण्यात नसतो. अग्रिकोला नावाचा डॉक्टर 1527 ते 1531 या काळात याच गावात होता. खाणविद्येवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1556 मध्ये छापला गेला. त्यात त्यानं कार्पाथियन खाणींकडच्या अशा बायकांची नोंद केली आहे, ज्यांनी एकामागून एक सात नवरे केले आणि सातही छातीच्या रोगानं गेले. या डोंगरांतल्या खाणकामगारांचा तसाच रोग म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग, आणि तो रेडॉनमुळे होतो, हे कळायला विसावं शतक उजाडलं.

संध्याकाळी पाचला आम्ही खाली रेडियम पॅलेसच्या कॅफेत बसलोय. 1912 सालचा पांढरा राजवाडा, खांब, रुंद जिना, मोठाली झुंबरं. पांढरे झगे घातलेले म्हातारे-म्हाताऱ्या सपाता वाजवत जातात. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन आजींशी पुतण्याची गट्टी जमते. संधिवात, तिसऱ्यांदा आल्यात. वीस मिनिटं टबात पडायचं, त्या सांगतात, आणि हलायचं नाही. हललं की वायू पाण्यातून उडून जातो. मग गुंडाळून स्वस्थ पडून राहायचं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय टब मिळत नाही, आणि गरोदर बायकांना, मुलांना मुळीच नाही.

“बाटलीत भरून नेता येईल का, विचार,” मी म्हणतो. गंगाजल आणायची सवय.

आजी हसतात. उपयोग नाही. चार दिवसही होत नाहीत तोवर अर्धा रेडॉन संपलेला असतो. विमानात बसून नाशिकला पोचेपर्यंत ते साधं पाणी होत जाणार.

“पण बरं वाटतं का?”

त्या हाताची बोटं एकेक करून मिटतात, उघडतात. पूर्ण मूठ. वर्षापूर्वी होत नव्हती म्हणतात. बोटांवर विश्वास ठेवावा की अग्रिकोलाच्या विधवांवर, मला ठरवता येत नाही. मात्रा फार वेगळी असते, वीस मिनिटांचा टब आणि वर्षानुवर्षांची खाण यांत तुलना नाही, हे डोक्याला पटतं. पण भिंतीवर मारी क्युरी आहे, झुंबर आहे, सफरचंदाचा केक आहे, आणि त्या पायऱ्यांचं चित्र मला या कॅफेत कुठे दिसत नाही. 2019 मध्ये युनेस्कोनं या खाणप्रदेशाला जागतिक वारसा म्हटलं तेव्हा यादीत टांकसाळीचं गाव घेतलं, आणि खाली विक्मानोवचा लाल विटांचा ‘मृत्यूचा मनोरा’ही घेतला, जिथे कैदी उघड्या हातांनी युरेनियमचं खनिज निवडायचे आणि पिंपांत भरायचे. युनेस्कोला जमलं ते कॅफेलाही जमायला हरकत नव्हती.

“काका, तू घेणार का चिठ्ठी? डॉक्टर उद्या सकाळी असतात.”

मी गुडघा चोळतो. आज तो नेहमीपेक्षा जास्त दुखतोय, पण त्याचं कारण मला माहीत आहे.

संधिवातवाल्यांपैकी कोणी तिकडे निघालंच, तर एवढंच सांगेन: टबात उतरण्याआधी एकदा त्या पायऱ्या चढून या. गुडघे दुखले तरी.